रात्री साडेआठचं व्याख्यान

आमच्या घरातली साठ-सत्तरच्या दशकात जन्मलेली सगळी चुलत-आते भावंडं एका बाबतीत सारखी आहेत. कोणी बोलायला उभं राहिलं की आम्ही खाली बसतो आणि ऐकतो, पार शेवटपर्यंत. ही सवय शाळेनं लावली नाही, घरानं लावली. शहाद्याच्या आमच्या घराला मोठी ओसरी होती. गावात कोणी वक्ता आला की त्याचं रात्रीचं जेवण बहुतेक वेळा आमच्याकडे असायचं. कोणी धुळ्याहून एस.टी.नं यायचं, कोणी सुरत-भुसावळ लाईनवर दोंडाईच्याला उतरून. व्याख्यान कधी कॉलेजच्या हॉलमध्ये, कधी गणपतीच्या मांडवात. ते संपल्यावर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाता खाता वक्ता पुन्हा बोलायला लागायचा, आणि ते दुसरं बोलणं पहिल्यापेक्षा मोकळं असायचं. आम्ही पोरं दाराआड बसून ते ऐकायचो. मध्ये कोणी खुसुखुसु केलं की जिभाऊ तिथूनच म्हणायचे, "गप बठा रे पोरेहो, मानूस काय सांगस ते आयका."

जिभाऊ म्हणजे आमचे सगळ्यांत थोरले काका. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत, शेती गोमाईकाठची, आणि ओढ साऱ्या जगाची. त्यांच्या उशाशी ट्रान्झिस्टर असे. सकाळी पुण्याच्या प्रादेशिक आणि दिल्लीच्या मराठी बातम्या, आणि संध्याकाळी बीबीसीची हिंदी सेवा, शॉर्टवेव्हच्या खरखरीतून. जळगाव आकाशवाणी १९७६ मध्ये सुरू झाली तेव्हा घराला जवळचा आवाज मिळाला, पण जिभाऊंचा काटा लंडनकडे वळायचाच. आखातातलं युद्ध, राजीव गांधींची हत्या, सोव्हिएत संघाचं विसर्जन, हे सगळं १९९१ या एका वर्षात त्या खाटेवर ऐकलं. सोव्हिएत संघ गेला त्या डिसेंबरात जिभाऊ दोन दिवस फार कमी बोलले. 'सोव्हिएत देश' हे नियतकालिक आमच्याकडे यायचं. त्याचा कागद इतका गुळगुळीत आणि जाड, की आम्हा सगळ्यांच्या पुस्तकांना त्याचीच कव्हरं असायची. भूगोलाच्या पुस्तकावर ट्रॅक्टर चालवणारी हसरी बाई, गणिताच्या वहीवर धरण. तो देश नकाशावरून गेला तेव्हा त्या वह्या रद्दीत जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पुढे आम्ही पांगलो. कोणी सुरतेला कापडाच्या धंद्यात, कोणी पुण्याला, एक बहीण न्यू जर्सीला. ज्यानं शेती घेतली तो शहाद्यातच राहिला. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या पत्त्याची एक ओळ बदलली. व्याख्यानं विरळ झाली. जे वक्ते येत ते आता गाडीनं येत आणि रात्रीच परत निघत, त्यामुळे जेवणानंतरचं ते दुसरं बोलणं बंदच पडलं. माझ्या मते त्या काळात गावानं खरं काही गमावलं असेल तर ते हे दुसरं बोलणं.

मग २०२० चा मार्च आला. २४ तारखेला रात्री देश बंद झाल्याची घोषणा ऐकली आणि दुसऱ्या दिवसापासून शहाद्याचा रस्ता असा झाला की गोमाईच्या पुलावरून एकटी सायकल गेली तरी लोक वळून बघत. पपई झाडावर पिकत होती, केळीचे घड उभे होते, न्यायला ट्रक नव्हता. सुरत आणि पुण्याची भावंडं बंद होण्याच्या आधीच मुलाबाळांसह घरी पोचली होती. कित्येक वर्षांनी ओसरी भरली. जिभाऊ तेव्हा ऐंशीच्या घरात होते. टीव्हीवरचा आरडाओरडा त्यांना सहन होईना. ते म्हणाले, एकाच माणसाला तासभर बोलू देतील असं काही नाही का लागत या डब्यावर?

माझी पुतणी पुण्यात राज्यशास्त्र शिकत होती. तिनं फोन टीव्हीला जोडला. त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कितीतरी व्याख्यानमाला झूमवर आणि फेसबुकवर आल्या होत्या. जे प्राध्यापक पूर्वी एखाद्या सभागृहातल्या दोनशे माणसांशी बोलत, ते आपल्या घरच्या पुस्तकांच्या कपाटासमोर बसून कोणाशीही बोलत होते. पहिलं लागलं ते सुहास पळशीकरांचं, लोकशाहीवरचं. पळशीकर आवाज चढवत नाहीत, टाळीचं वाक्य टाकत नाहीत, एक मुद्दा घेतात आणि त्याच्या चारही बाजूंनी फिरून येतात. जिभाऊ मांडी न मोडता बसले. संपल्यावर म्हणाले, हा मास्तर जेवायला असता तर बरं झालं असतं.

तिथून ते रोजचं झालं. जेवणं आटोपून साडेआठला सगळे ओसरीत. न्यू जर्सीची बहीण तिच्या सकाळच्या चहाबरोबर व्हॉट्सअॅपवर असायची, तेच व्याख्यान तिकडे लावून. प्राध्यापक यशवंत सुमंत २०१५ मध्येच गेले, पण त्यांची ध्वनिमुद्रणं होती, आणि पुण्याच्या भावानं विद्यार्थी असताना त्यांना समोर बसून ऐकलं होतं. तो आवाज ओसरीत आला तेव्हा त्याला शब्द सुचेना. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान गेले. बातम्यांत नुसता संताप होता. आम्ही श्रीकांत परांजपे, शैलेंद्र देवळाणकर, उत्तरा सहस्रबुद्धे यांची मराठी भाषणं शोधून लावली. त्यातून प्रत्यक्ष ताबारेषा म्हणजे काय, ती नकाशावर दोघांची दोन ठिकाणी कशी, १९६२ नंतर काय ठरलं आणि काय ठरलंच नाही, हे कळत गेलं. सामरिकशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे विषय शिकवण्यात आयुष्य घालवलेली माणसं ते मराठीत सांगत होती, आणि शहाद्यातली नववी शिकलेली आमची काकू ते नीट समजून घेत होती. याचं महत्त्व मी कमी लेखायला तयार नाही. जगाचं राजकारण इंग्रजीतच कळतं, ही समजूत आमच्या लहानपणी जिभाऊंनी खोटी ठरवली होती. पण त्यांच्या त्या प्रयत्नाला इतकी माणसं पहिल्यांदाच येऊन मिळत होती.

हे सगळं काही आभाळातून पडलेलं नव्हतं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती, विद्वानानं सामान्य माणसासमोर येऊन त्याला समजेल असं बोललं पाहिजे, याच आग्रहातून. लंडनच्या ग्रेशम कॉलेजात तर १५९७ पासून कोणीही फुकट येऊन बसावं अशी व्याख्यानं होत आहेत आणि २००१ पासून ती इंटरनेटवर ठेवली जातात. येल विद्यापीठानं २००७ मध्ये आपले वर्ग जगाला उघडले. हे फार जुनं दार आहे. फक्त त्याचा उंबरा शहाद्यापर्यंत यायला वेळ लागला. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि तो उंबरा आला.

येलचे इयन शपिरो आमच्या घरात कसे शिरले ते सांगायलाच हवं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला हा प्राध्यापक. २०१९ मध्ये त्यांनी सत्ता आणि आजचं जग या विषयावर व्याख्यानमाला दिली, विद्यार्थ्यांसाठी आणि गावातल्या लोकांसाठी एकत्र. ती सगळी सव्वीस व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. सुरुवात बर्लिनची भिंत पडण्यापासून. दुसरं व्याख्यान सोव्हिएत साम्यवादाकडून रशियाच्या टोळीबाज भांडवलशाहीकडे. आमची आणखी एक बहीण ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती दर दहा-बारा मिनिटांनी थांबवायची, आणि काय सांगितलं ते अहिराणी-मराठीत मांडायची. त्या दुसऱ्या व्याख्यानाला आमची पिढी जितकी गुंतली तितकी क्वचितच कशात गुंतली असेल. सरकारी कारखाने लोकांच्या नावानं वाटले गेले आणि थोड्याच वर्षांत मूठभरांच्या हाती कसे गेले, हे ऐकताना सुरतेच्या भावानं विचारलं, मग ती ट्रॅक्टरवाली बाई? तिचं काय झालं असेल? आमच्या भूगोलाच्या पुस्तकावरची बाई. कोणी हसलं नाही. जिभाऊ तीस वर्षांनी त्या विषयावर बोलले. आपण ज्याच्यावर विश्वास ठेवला ते सगळंच खोटं नव्हतं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, आणि ते त्यांनी शांतपणे, मुद्दे मांडून म्हटलं.

टाळेबंदी उठली, सगळे आपापल्या गावी गेले, तरी रविवारची रात्र टिकली. शेतीवाला भाऊ मात्र बऱ्याचदा ओसरीत नसे. थ्री फेज लाईट रात्रीची असली की त्याला पाणी भरायला जावं लागायचं. तो कानात इअरफोन घालून उसाच्या सऱ्यांत उभा राहून ऐकायचा. बारं बदलायच्या वेळी त्याचा मेसेज यायचा, दोन मिनिटं थांबा. पुण्या-सुरतेत, अमेरिकेत आणि ओसरीत सगळे थांबायचे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा या रविवारांची खरी कसोटी लागली. शिकागो विद्यापीठाचे जॉन मिअरशायमर यांचं २०१५ मधलं जुनं व्याख्यान तेव्हा जगभर लोक उघडून बघत होते. नाटोनं पूर्वेकडे सरकत जाऊन रशियाला डिवचलं, दोष पश्चिमेचा, अशी त्यांची मांडणी. जिभाऊंना ती पूर्ण पटली. पुतणीला अजिबात पटली नाही. ती म्हणाली, यात मोठे देश आहेत, युक्रेनची माणसं कुठे आहेत? त्या वर्षीच्या शेवटी येलच्या टिमथी स्नायडर यांनी आधुनिक युक्रेन कसा घडला यावर अख्खा सत्रभर शिकवलं आणि ते वर्ग खुले केले. तिनं ते लावले. कीव्हच्या जुन्या राज्यापासून, कोसॅकांपासून, १९३२-३३ च्या त्या भयंकर दुष्काळापर्यंत, जो आभाळानं नव्हे तर सत्तेनं आणला. पिकवणाऱ्याच्या घरात धान्य नाही आणि ते गोळा करून नेलं जातंय, हे शेतकऱ्याच्या ओसरीत ऐकताना वेगळंच ऐकू येतं. जिभाऊंचं मत त्यानं पूर्ण बदललं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या रविवारी ते पुतणीला म्हणाले, बाई, तू लाव तुझ्या मास्तरचा पुढचा भाग. दोन विद्वान एकमेकांच्या विरुद्ध बोलू शकतात, दोघेही अभ्यास करून बोलतात, आणि मत शेवटी आपल्यालाच बनवावं लागतं, हे आमच्या घरानं त्या दिवसांत अंगी बाणवून घेतलं.

काकूचा प्रश्न मात्र दोघांपैकी कोणीच घेतला नव्हता. "खत महाग व्हयनं ते यानामुयेच का?" पोटॅश आपण पूर्णपणे बाहेरून आणतो, त्यात रशिया आणि बेलारूसचा वाटा मोठा. बेलारूसवर आधीच निर्बंध होते, मग युद्ध आलं. त्या हंगामात पपईसाठी, केळीसाठी हव्या त्या खताच्या गोणीला दुकानदुकान फिरावं लागलं. त्याच वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, आणि ज्यांनी आणखी वाढेल म्हणून घरात भरून ठेवला त्यांच्या डोळ्यांदेखत पुढच्या हंगामात खाली आला. हा भाव शहाद्याच्या बाजार समितीत ठरत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. तो कुठे आणि कसा ठरतो हे पुतणीनं, शेतीवाल्या भावानं आणि न्यू जर्सीच्या बहिणीनं मिळून त्या रविवारी वहीवर मांडून दाखवलं. वही अजून घरात आहे.

आणि मग ते व्याख्यान, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. भारतातल्या स्त्रियांच्या चळवळींवरचं, इंग्रजी, परदेशातल्या एका विद्यापीठातलं. बोलणाऱ्या बाईंनी मध्येच एक गाव उच्चारलं. इंग्रजी शिकवणाऱ्या बहिणीनं थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. शहादा. धुळे जिल्ह्यातलं शहादा, १९७२ ची श्रमिक संघटना, आदिवासी शेतमजूर बायांनी दारूची मडकी फोडली ती गोष्ट.

ओसरीत आमच्यातल्या कोणालाही ती नीट ठाऊक नव्हती. आम्ही त्या वेळी इथेच होतो, लहान होतो, पण इथेच. पुतणीनं शोध घेतला. मारिया मीज या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ मध्ये शहादा चळवळीवर लिहिलेला निबंध परदेशातल्या नियतकालिकात छापून आलेला आहे. अमृता बसूंनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात बंगाल आणि आपला जुना धुळे जिल्हा शेजारी ठेवून बायांच्या लढ्यांचा अभ्यास केला आहे. जग आमच्या तालुक्यावर अभ्यास करत होतं आणि आम्ही ट्रान्झिस्टरला कान लावून जगाची वाट बघत होतो.

जिभाऊ त्या रात्री बराच वेळ बोलले. १९७१ मध्ये पाटीलवाडीत आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या ते. पीकसंरक्षणाच्या नावाखाली ठेवलेले रखवालदार कोणाला कसे धरून आणत ते. अंबरसिंग महाराज, म्हणजे अंबरसिंग सुरतवंती, स्वतः भिल्ल समाजातले, सर्वोदयाच्या वाटेनं आले आणि लोकांना जमवू लागले. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्ती परिषद झाली आणि गावातल्या मोठ्या घरांनी दारं लावून घेतली, त्यांत आमचंही एक होतं. पुण्या-मुंबईहून शिकलेली तरुण मुलं आली, कुमार शिराळकरांसारखी, आणि इथेच राहिली. अंबरसिंग १९७४ मध्ये गेले, तरुण वयात. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा त्याच सुमारास आला. आमच्या एका तुकड्याला अजून 'भिलाटीचं शेत' म्हणतात. ते का म्हणतात हे मला त्या रात्री, वयाच्या पन्नाशीत कळलं. त्यातला काही भाग परत गेला होता, काही नाही. हेही जिभाऊंनीच सांगितलं, न विचारता.

आमच्या ओसरीत जेवलेल्या वक्त्यांपैकी कोणी यावर बोललं होतं का, असं पुतणीनं विचारलं. जिभाऊंना आठवेना. वाहरू सोनवणे याच चळवळीतले, भिल्ल कवी, त्यांची 'स्टेज' ही कविता पुतणीला अभ्यासाला होती. मंचावर कोण चढतो आणि खाली बसलेल्यांचं दुःख कोण कोणाला सांगतो, हा त्या कवितेचा विषय. ती तिनं त्या रात्री सगळ्यांना वाचून दाखवली.

कुमार शिराळकर ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. पुढच्या वर्षी जिभाऊही गेले. रविवार सुटू लागले. नवी पिढी ऐकते, पण ज्याची त्याची, कानात, दीडपट वेगानं. त्याला माझी हरकत नाही, ती मुलं आमच्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकतात. पण थांबवून 'म्हणजे काय?' विचारायला शेजारी कोणी नसतं, याची हळहळ मला वाटते.

म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही भावंडांनी एक ठरवलं. आता लावायचं ते येलचं नाही. आमच्या शेतावर ज्यांनी उभं आयुष्य सालदारकी केली त्यांची बायको अजून आहे, सत्तरी ओलांडलेली. १९७३ च्या शिबिरांना ती गेली होती हे तिच्या सुनेकडून कळलं. आम्ही तिच्या घरी गेलो, ती आमच्या ओसरीत आली नाही, आणि ते बरोबरच होतं. फोन स्टूलावर टेकवला. पुणे, सुरत, न्यू जर्सी जोडलं. ती तिच्या भाषेत बोलली, सून मराठीत सांगत गेली. रोजगार हमीच्या आधीच्या दुष्काळात खडी फोडायला जाताना काय खाल्लं, पहिल्यांदा मजुरी वाढवून मागायला बाया रांगेत कशा उभ्या राहिल्या, दारूची मडकी फोडताना स्वतःच्या नवऱ्याचंही फोडलं ते. तास होऊन गेला. न्यू जर्सीच्या बहिणीनं विचारलं, तेव्हा तुम्हाला आमच्या घराची भीती वाटायची का? विचारावं की नाही असं सुनेला झालं, मग तिनं विचारलं. म्हातारी फोनकडे बघून म्हणाली की तुमच्या घराची वाटायची, तुमच्या आजीची नाही, ती मागच्या दारानं ताक द्यायची, पण मजुरी वाढवा म्हणून तिनंही कधी म्हटलं नाही.

पुढचा रविवार आम्ही मागून घेतला. ती म्हणाली, कापूस वेचून होऊ द्या, मग या, आणि येताना त्या शिकणाऱ्या पोरीला घेऊन या, तिला लिहून घेता येतं.